अकरा बाण सरळ, बारावा मिरचीला

त्या दिवशी वारा नव्हता. पुंगोलला खाडीच्या बाजूनं एरवी थोडीतरी झुळूक येते, त्या दिवशी तीही नाही. सकाळी नऊलाच घाम मानेवरून पाठीत उतरत होता. आभाळ असं पांढरं, की ऊन आहे का ढग आहेत हे सांगता येऊ नये. आमच्या ब्लॉकच्या खाली मोकळी जागा आहे, तिला इथं व्हॉइड डेक म्हणतात. तिथल्या दगडी बाकावर मी लिमभाऊची वाट बघत बसलो होतो. लिमभाऊ म्हणजे आमच्या मजल्यावरचा शेजारी. तो ऑस्ट्रेलियाला रानडुकराच्या शिकारीला गेला होता आणि त्या सकाळी परत यायचा होता. त्याच्याबरोबर माझ्या हाताखालून गेलेले अकरा बाण होते.

सायकलच्या दुकानात एक डबा असतो. उरलेले नट, छर्रे, वायसर, तुटक्या स्पोकची टोकं, सगळं त्यात पडतं. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण डबा भरतो. या बाणांच्या नादात किस्से तसेच साचले. वाट बघता बघता डबा उलटा केला, एवढंच. माझी शाळा दुसरीत सुटली. मी सावकाश लिहितो, तुम्हीही सावकाश वाचा.

*

मी जालन्याचा. पन्नास वर्षं सायकलची चाकं सरळ केली. बायको गेल्यावर मुलगा मिलिंद मला इकडे परदेशात, पुंगोलला, घेऊन आला. तो इंजिनिअर, सून प्रज्ञा विद्यापीठात संशोधन करते, नात मित्रा नऊ वर्षांची. घरात सगळ्यांना काम, मलाच नाही.

एके दिवशी कॉरिडॉरमध्ये आलो तर लिमभाऊ आपल्या दारापुढं टेबल मांडून बसलेला. बाणाचं टोक टेबलावर टेकवायचं, दांडी बोटांत धरून भोवऱ्यासारखी गरकन फिरवायची, बघायचं, मान हलवायची, दुसरा घ्यायचा. मी उभा राहिलो. आमच्या धंद्यात विचारल्याशिवाय बोलत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी त्यानं वर बघितलं.

माझं इंग्रजी सायकलच्या पार्टांपुरतं. रिम, स्पोक, टाइट, लूज, फ्री, ब्रेक. आणि आउट. चाक फिरताना डगायला लागलं की आम्ही म्हणतो, चाक आउट झालं. मी त्याच्या बाणाच्या मानेवर, टोक आणि दांडी जिथं जुळतात तिथं, बोट ठेवलं आणि म्हणालो, "आउट."

त्यानं परत फिरवून बघितलं. डोळे बारीक केले. मग उठून घरात गेला. मला वाटलं, राग आला. तो स्टूल घेऊन आला, माझ्यासाठी.

पन्नास वर्षांत हजारो गिऱ्हाइकांना मी सांगितलं असेल, की तुमचं चाक आउट आहे. सगळे म्हणायचे, "कालच तर करून घेतलं!" बसायला स्टूल देणारा हा पहिला.

*

इथं बाणाचं थोडं सांगायला पाहिजे. सरावाच्या बाणाचं टोक गोल असतं. ते केसभर तिरकं बसलं तरी फारसं बिघडत नाही. शिकारीच्या बाणाला फाळ असतो, रुंद, तीन पात्यांचा. तो दांडीच्या रेषेत बसला नाही तर पाती हवा धरतात आणि बाण स्वतःच्या मनानं वळतो. सायकलचं पुढचं चाक आउट असलं की हँडल सरळ धरूनही सायकल एका अंगाला ओढते, तसंच.

धारदार पाती इथं आणायची नाहीत, असं लिमभाऊनं सांगितलं. पाती ऑस्ट्रेलियात, त्याच्या शेतकरी मित्राकडं राहायची. इथं असायचा तो फाळाचा नुसता गाभा. मी तोच दांडीवर बसवून सरळ करायचो. पाती मी कधी पाहिली नाहीत. अजूनही नाही.

*

टेबलावर फिरवून मला भागेना. चाक अडकवून फिरवायला चिमटा लागतो, तसा बाणाला स्टँड पाहिजे. नातीचे चाकांचे बूट तिला लहान झाले होते. विचारलं तर इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "टेक ला आजोबा, ऑलरेडी टू स्मॉल." त्यातली बेअरिंगं काढली, लाकडी फळीवर दोन इकडे, दोन तिकडे बसवली. बाण त्यावर ठेवून बोटानं ढकलला की गपगार फिरायचा.

राहिला खडू. चाकाचा आउट काढताना आम्ही रिमच्या जवळ खडू स्थिर धरतो. जो भाग बाहेर आलाय तो आपणच येऊन खडूला घासतो आणि खूण होते. डोळा चुकेल, खडू चुकत नाही. पण काळ्या बारीक दांडीला खडू जाड पडायला लागला. मऊ, टोकदार, तेलकट असं काहीतरी हवं होतं. ते बाथरूमच्या फळीवर सापडलं.

एका सकाळी मी कॉरिडॉरमध्ये कामाला लागलो होतो. लिमभाऊ माझ्या शेजारी बसला होता. प्रज्ञा दारात आली. ऑफिसचे कपडे, खांद्याला पर्स, पायात चप्पल चढवलेली.  मोठ्या शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचा बाण झाला असेल तर माझी दुसरी भुवई रेखायची आहे."

लिमभाऊला मराठी येत नाही. पण तिच्याकडं बघून त्यानं मान खाली घातली ती प्रज्ञा लिफ्टमध्ये जाईपर्यंत वर केली नाही.

*

लिमभाऊ मला टॅम्पिनीसला एका हॉलमध्ये घेऊन गेला. तिथं लोक नेम मारायला येतात. त्याचं धनुष्य मी तिथं पहिल्यांदा ताणलेलं पाहिलं. दोन्ही टोकांना चाकं! खरंच चाकं, दोरी त्यांवरून फिरते. पूर्ण ओढलं की जोर निम्म्याहून कमी होतो आणि माणूस बराच वेळ धरून उभा राहू शकतो. मी आधी चाकं फिरवून बघितली. आउट नव्हती.

तिथं सुजाता भेटली. आपली, नांदेडकडची. इथं पीएचडीनंतरचं संशोधन करायला आलेली. माझं नाव ऐकून तिनं लगेच जय भीम घातला आणि सांगायला लागली, की तिचा एकही बाण जागेवर जात नाही, दुकानदारानं फसवलं, लॉटच खराब आहे. तिचा शेजारी त्याच लॉटच्या बाणांनी बरा मारत होता. ते मी बोललो नाही. तिचे सहाही बाण घरी आणले. दोन खरंच आउट होते. आठवडाभर बसून सहाही असे केले, की स्टँडवर फिरताना थांबलेत का फिरतायत ते कळू नये.

पुढच्या रविवारी तिनं सहा बाण मारले. एक लक्ष्याच्या कडेला, दोन खालच्या लाकडात, तीन मागच्या पडद्यात. तिनं धनुष्य खाली ठेवलं आणि माझ्याकडं वळली.

"बाबा, तुम्ही सरळ करायला नको होते. आता मी बोलू कुणाला?"

*

लिमभाऊनं शिकारीचं पहिल्यांदा सांगितलं ते ब्लॉकखालच्या याच बाकावर. प्रज्ञा सोबत होती म्हणून मला नीट कळलं.

तो तीस वर्षं हार्बरफ्रंटला फेरी बोटीच्या तिकीट खिडकीत बसला. वर्षातून एकदा ऑस्ट्रेलियाला मित्राच्या शेतावर जायचा. तिथं रानडुकरं पीक उलटंपालटं करतात, मित्राला मारावीच लागतात. दोन वर्षांपूर्वी एक डुकरीण समोर आली. लिमभाऊनं छातीवर नेम धरला. बाण लागला पोटात. पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही. अंधार पडेपर्यंत हे दोघं तिच्या मागावर. दुसऱ्या दिवशीही फिरले. ती सापडली नाही.

लिमभाऊ म्हणाला, बाण वळला. मित्र म्हणाला, बाण वळला नाही, तुझा हात हलला. तेव्हापासून लिमभाऊचं धनुष्य कपाटावर होतं, सरावाला नुकतंच खाली काढलेलं, आणि तो दोन वर्षं एकच म्हणत होता, बाण वळला. आता त्याला एकदाच जायचं होतं. स्वच्छ, एका बाणात झालं तर ठीक. नाही झालं तर धनुष्य कुणाला तरी देऊन टाकायचं. त्यासाठी बारा बाण सरळ पाहिजेत. वळायला जागा नको, म्हणजे बाणावर ढकलायलाही नको.

हे सांगून तो माझ्याकडं बघत बसला.

*

आता पंचाईत माझी. मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. आणि लिमभाऊही बुद्धाचाच माणूस. त्याच्या दाराशी लाल देव्हारा, उदबत्त्या, संत्री. आमच्याकडं पांढरा कपडा आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बुद्धाची मूर्ती. दोन बौद्ध म्हातारे कॉरिडॉरमध्ये बसून डुकराचा बाण सरळ करणार!

मी म्हणालो, बघतो. आठ दिवस घेतले.

घरात विचारलं. मिलिंद म्हणाला, तुम्ही मारताय कुठं, तुम्ही फक्त अलाइनमेंट करताय. प्रज्ञा म्हणाली, हेच बंदुकीच्या कारखान्यातला प्रत्येक जण म्हणत असेल.  नातीनं विचारलं, ती डुकरीण अजून जिवंत आहे का. 

आठव्या दिवशी पंचशील म्हणताना माझं लक्ष पहिल्या शीलाच्या पुढं गेलंच नाही. सारखी ती डुकरीण दिसायची, पोटात बाण घेऊन झाडीत बसलेली. मनात आलं, वाकड्या बाणानं डुक्कर वाचत नाही, नुसतं जास्त दिवस मरत राहतं. लिमभाऊ तर जाणारच. मग मी बाहेर गेलो, त्याचं दार वाजवलं आणि बाण मागितले. बरोबर केलं की चूक, ते तेव्हा ठरवता आलं नाही.

 दुसऱ्या दिवशी स्टँडवर प्रज्ञानं एक नवी भुवईची पेन्सिल ठेवलेली होती.

*

काम दीड महिना चाललं. दांडीचं तोंड जरा जरी तिरकं कापलेलं असलं तरी पुढचं सगळं तिरकं बसतं. म्हणून आधी प्रत्येक तोंड बारीक सँडपेपरवर गोल फिरवत काटकोनात घासलं. मग दांडीच्या आत चिकटवलेली धातूची खुंटी, जिच्यात फाळ पिळून बसतो, ती गरम पाण्यात धरून सैल करायची, पाव फेरा वळवायची, गार होऊ द्यायची, स्टँडवर फिरवायची. पेन्सिलची खूण एकाच बाजूला उठली, की परत गरम पाणी. या दांड्यांना ज्योत दाखवायची नाही, आतून खराब होतात. एखाद्या दांडीला एक गाभा जमत नाही, दुसरा जमतो. ते जमवून बघायचं. माणसांचं असतं तसंच.

लिमभाऊला धीर कमी. तिसऱ्या आठवड्यात म्हणायला लागला, अंकल, इतकं पुरे, थोडं चालतं. तेव्हा मी त्याला माझ्या वस्तादाची गोष्ट सांगितली. जालन्याला आमच्या दुकानात एक गवळी यायचा. सायकलच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या. सदा घाईत. एकदा म्हणाला, वस्ताद, थोडा आउट राहिला तरी चालेल. वस्तादांनी पाना खाली ठेवला आणि विचारलं, "चालेल. कुठल्या बाजूला पडणार ते सांगून ठेव, म्हणजे त्या बाजूची किटली रिकामी ठेवू."

ही गोष्ट माझ्या इंग्रजीत सांगायला अर्धा तास लागला. शेवटी मला उठून किटल्यांसकट पडून दाखवावं लागलं. लिमभाऊनं मला उठवलं, धूळ झटकली, आणि नंतर थोडं चालतं असं कधी म्हणाला नाही.

*

अकरा झाले. बारावा होईना.

तोंड परत घासलं. खुंटी चारी बाजूंना वळवून झाली. सगळे गाभे लावून बघितले. पेन्सिल प्रत्येक वेळी खूण करायची, आणि दर वेळी वेगळ्या जागी. पाचव्या दिवशी मी पुढचं सोडून दांडीच मधोमध तपासली. दांडीच वाकलेली. डोळ्याला दिसत नव्हती, पण होती.

लिमभाऊ म्हणाला, असू दे, बाराच्या बारा बरोबर नेऊ, अकरा वापरू, हा नुसता सोबतीला. मी नाही म्हणालो. घाईच्या वेळी हात नेमका त्यावरच पडतो. मी त्याचा गाभा काढून घेतला आणि दांडी कॉरिडॉरमधल्या आमच्या मिरचीच्या रोपाशेजारी रोवली. रोप मिरच्यांच्या वजनानं कलंडत होतं. त्याला दांडीशी बांधलं.

मिरचीचं रोप सरळ उभं राहिलं. दोन दिवसांनी लिमभाऊ त्यातली एक मिरची तोडून खात होता. म्हणाला, हा बाण सगळ्यांत आधी कामाला लागला.

*

जायच्या दिवशी त्यानं अकरा बाण लांब पेटीत ठेवले. मी त्याला एकच सांगितलं, की तिथं गेल्यावर पाती चढवून प्रत्येक बाण परत फिरवून बघ, आणि आधी गवताच्या गठ्ठ्यावर मारून बघ. माझ्याकडं पाती नव्हती. मी केलं ते पात्यांवाचून केलेलं होतं.

तीन दिवसांनी त्यानं फोनवर फोटो पाठवला. गवताचा गठ्ठा, त्यात अकरा बाण, एका तळहाताखाली सगळे झाकले जातील इतके जवळ. मिलिंदनं तो फोटो मोठा करून दाखवला आणि म्हणाला, बाबा, हे तर मशीनचं काम वाटतं. मी म्हणालो, यात हात लिमभाऊचाही आहे. प्रज्ञानं फोटो बघितला आणि विचारलं, म्हणजे आता डुक्कर वाचत नाही?

त्यानंतर पाच दिवस काही आलं नाही. मी सकाळी पंचशील म्हणायचो. पहिलं शील जरा घाईनं म्हणून पुढं जायचो.

*

त्या बिनवाऱ्याच्या सकाळी, मी बाकावर बसलो असताना, दहाच्या सुमाराला टॅक्सी आली. लिमभाऊ उतरला, पेटी काढली, माझ्याकडं आला आणि शेजारी बसला. चेहरा उन्हानं रापलेला. मी त्याला काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि म्हातारपणी बोलल्याशिवाय विचारतही नाहीत. समोरून मार्केटला जाणारी एक बाई ट्रॉली ओढत गेली. ट्रॉलीचं डावं चाक आउट होतं.

मग त्यानं पेटी मांडीवर घेऊन उघडली. पाती तिकडेच काढून ठेवलेली. मी बाण मोजले. अकरा. एकेक हातात घेऊन बघितला. एकालाही रक्त नाही, माती नाही.

मला वाटलं, डुकरं दिसलीच नसतील. तो म्हणाला, दिसली. चौथ्या दिवशी. एक मोठी डुकरीण, तीस पावलांवर, आडवी उभी. वारा नाही, असाच, आजच्यासारखा. त्यानं धनुष्य पूर्ण ओढलं. हात हलत नव्हता. नेम छातीवर बसला होता. ती जमीन उकरत होती, तिचं लक्षही नव्हतं. मागं मित्र श्वास रोखून उभा. लिमभाऊ धरून उभा राहिला. किती वेळ, ते त्याला आठवत नव्हतं. मग त्यानं दोरी हळूहळू परत आणली. डुकरीण खाऊन झाल्यावर चालत झाडीत गेली.

माझ्या मनात एकच आलं. माझं काम चुकलं असणार. पाती चढवल्यावर काहीतरी हललं असणार आणि त्याला ते ऐनवेळी दिसलं असणार. मी बाणाच्या मानेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आउट?"

लिमभाऊनं नाही म्हणून मान हलवली. बाण माझ्या हातातून घेतला, पेटीत त्याच्या जागेवर ठेवला, झाकण लावलं. प्रज्ञा नव्हती, तरी तो जे बोलला ते मला शब्द न् शब्द कळलं.

"थोडा जरी आउट असता ना अंकल, तर बाण सोडला असता."